रणातील धार आणि रानातील धार



आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे तलवार. त्या दिवशी पाट मांडून त्यावर घरातील हत्यारे ठेवावयाची आणि त्यांना गंधफूल वाहावयाचे, ही चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. ज्याच्या घरी पूर्वजांची तलवार आहे तो ती पाटावर ठेवतो. शेतकरी विळा, कोयता आणि कुऱ्हाड ठेवतो. सुतार वाकस आणि पटाशी ठेवतो, चर्मकार रापी ठेवतो, न्हावी वस्तरा ठेवतो. कारखान्यातील कामगार आपल्या यंत्राला झेंडूची माळ घालतो. तलवारीला वरचा पाट आणि खुरप्याला खालचा पाट, असा भेद या पूजेत नाही. ज्याच्या हाताला जे हत्यार, ते त्याचे दैवत, एवढाच तिचा अर्थ आहे.

आज मला बोलावयाचे आहे ते या पाटावरील वस्तूंविषयी, म्हणजे धार असलेल्या हत्यारांविषयी. शस्त्रांचा विषय निघाला की आपले मन गडकोटांकडे आणि रणांगणाकडे धावते. ते स्वाभाविकही आहे. परंतु ती शस्त्रे ज्या हातांनी घडविली ते हात, आणि त्याच जातीची पाती घेऊन जे हात आजही राबत आहेत ते हात, यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ही उणीव गावातील शाळा आणि ग्रामपंचायत यांना भरून काढता येईल, असे माझे मत आहे. ते मी आपणापुढे क्रमाने मांडतो.

शब्दांची साक्ष

प्रथम आपण भाषेलाच विचारू. ‘शस्’ या संस्कृत धातूचा अर्थ कापणे असा आहे. त्यावरून ‘शस्त्र’ हा शब्द आला. हातात धरून चालवावयाचे ते शस्त्र आणि फेकावयाचे ते अस्त्र, असा भेद जुन्या ग्रंथांतून केलेला आढळतो. विशेष म्हणजे वैद्याच्या हातातील पात्यालाही आपल्या पूर्वजांनी शस्त्रच म्हटले. सुश्रुतसंहितेत बोथट साधनांना यंत्र आणि धारदार साधनांना शस्त्र अशी नावे असून यंत्रे १०१ व शस्त्रे २० सांगितली आहेत. शस्त्राची धार केस तोडण्याइतकी तीक्ष्ण असावी, ते पाजविण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा वापरावी आणि धार टिकावी म्हणून सावरीच्या लाकडाची फळी जवळ ठेवावी, असे बारकावे तेथे येतात. शिकाऊ वैद्याने आधी कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर हात बसवावा, असेही सांगितले आहे. आज आपण रुग्णालयात ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द सहज उच्चारतो. त्यात हा सारा इतिहास साठविलेला आहे.

मराठीतील नेहमीचे शब्दही असेच बोलके आहेत. लढाईत मरण आले तर आपण ‘धारातीर्थी पडला’ असे म्हणतो. एखाद्या कामात तरबेज असलेल्याला ‘पटाईत’ म्हणतो. मुळात पटाईत म्हणजे पट्टा चालविण्यात निपुण असलेला माणूस. ‘शिलेदार’ हा शब्द फार्सीतून आला. त्याचा मूळ अर्थ शस्त्र बाळगणारा. स्वतःचा घोडा व स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी जो राजव्यवहारकोश करविला, त्यात शस्त्रवर्ग नावाचा एक स्वतंत्र विभाग आहे. राज्याच्या कारभाराला शस्त्रांच्या नावांचीही नीट नोंद हवी होती, हे यावरून दिसते.

पाणी कसे देतात

धार ही वस्तू कशी निर्माण होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. शुद्ध लोखंड मऊ असते. त्याला धार लावली तरी ती लगेच मरते. लोखंडात अल्प प्रमाणात कार्बन मिसळला की त्याचे पोलाद होते. हे पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडविले म्हणजे ते अतिशय कठीण होते. यालाच आपले लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. परंतु असे कठीण झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते आणि घाव घालताच तुटते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवावे लागते. त्या वेळी घासलेल्या पृष्ठभागावर आधी गवतासारखा पिवळा, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. कोणत्या रंगावर थांबावयाचे ते हत्याराच्या कामावर ठरते. वस्तऱ्याला पिवळा रंग पुरे. ज्याला लवचिकपणा हवा ते पाते निळ्यापर्यंत न्यावे लागते. तापमापक हाताशी नसताना केवळ डोळ्यांच्या अंदाजाने हे काम करणारा लोहार निरक्षर असला तरी अडाणी नव्हे. तो धातुशास्त्राचा जाणकार आहे. आपण एखाद्या माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो तेव्हा शब्द त्याच्याच भट्टीतून उसना घेतलेला असतो.

या विद्येत दक्षिण भारताचे स्थान फार वरचे होते. लोखंड आणि वनस्पतिजन्य पदार्थ मातीच्या बंद मुशीत घालून दीर्घकाळ तापवीत. त्यातून सुमारे दीड टक्का कार्बन असलेले पोलाद तयार होई. आजच्या कर्नाटक, तेलंगण आणि तामिळनाडू या भागांत त्याच्या भट्ट्या होत्या. तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. हे पोलाद पश्चिम आशियात जाई आणि त्याच्या तलवारी दमास्कसच्या म्हणून जगभर नावाजल्या जात. युरोपात त्याला ‘वुट्झ’ हे नाव पडले. ते कन्नड भाषेतील पोलादवाचक ‘उक्कु’ या शब्दावरून आले असावे, असे सामान्यतः मानतात. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला आणि १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनीही त्याचे पृथक्करण केले. ज्या कारागिरांच्या हातून हे पोलाद बनत होते त्यांची नावे मात्र इतिहासाने नोंदविली नाहीत. त्यांची विद्या पुढे कारखान्यांच्या स्वस्त पोलादापुढे टिकली नाही आणि कोणी लिहून न ठेवल्यामुळे बहुतांशी लुप्त झाली. आज शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ती पुन्हा शोधण्याचा प्रयत्न करतात.

मराठ्यांची शस्त्रे

पात्याचा आकार लहरीने ठरत नाही. तो कामावरून ठरतो. वाकडे पाते ओढून कापते. घोडेस्वार वेगाने जात असता त्याने मारलेला वार अशा पात्याने सहज निसटून पुढे जातो आणि शस्त्र अडकत नाही. सरळ पाते भोसकण्यास उपयोगी पडते आणि त्याचा पल्लाही अधिक असतो. मराठ्यांच्या शस्त्रागारात हे दोन्ही प्रकार होते. वाकडी ती सामान्यतः तलवार म्हणत, लांब व सरळ ती धोप. जिचे पाते युरोपातून आलेले ती फिरंग. जर्मनी, इटली आणि स्पेन येथील पाती गोव्यासारख्या बंदरांतून देशात येत आणि त्यांना येथील कारागीर आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. दुसऱ्याकडील चांगले पाते घ्यावयाचे आणि मूठ मात्र आपल्या हाताला शोभेल अशी करावयाची, हा व्यवहार आपल्या पूर्वजांना कमीपणाचा वाटला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावातून मिळविली. तिचे पातेही युरोपीय असून त्यावर सेनासाहेबसुभा या त्यांच्या पदवीसह त्यांचे नाव देवनागरीत सोन्याने कोरलेले आहे.

दांडपट्टा हे याहून वेगळे शस्त्र. त्याचे पाते तीन ते चार फूट लांब, सरळ आणि लवचिक असते. मुठीऐवजी लोखंडी खोबळा असतो. तो कोपरापर्यंतचा हात झाकतो व आतील आडव्या दांडीला मूठ धरते. यामुळे मनगट वळविता येत नाही. वार खांद्यातून आणि सबंध शरीराच्या फिरण्यातून करावा लागतो. म्हणूनच पट्टा चालविणाऱ्याला अनेक वर्षांचा सराव लागे आणि म्हणूनच ‘पटाईत’ या शब्दाला एवढा मान मिळाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. जवळच्या झटापटीसाठी कट्यार आणि बिचवा असत. कट्यारीची पकड दोन समांतर दांड्यांमधील आडव्या दांडीवर असते. ठोसा मारावा तसा तिचा वार असतो आणि चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून तिचे टोक जाड केलेले असते. विटा हा दोरी बांधलेला भाला. फेकल्यावर तो दोरीने परत ओढून घेता येई. डोंगराळ मुलखातील चपळ पायदळ आणि हलके घोडदळ यांना साजेल असाच हा सारा संच होता.

वाघनखांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत महाराजांनी डाव्या हातातील वाघनखाचा व उजव्या हातातील बिचव्याचा उपयोग केला, असे सभासद बखरीत आहे. इतर साधनांत तपशील वेगळे आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात दर्शनासाठी आली. ती तीन वर्षांच्या कराराने आणली गेली. ती नेमकी प्रतापगडावरील घटनेतीलच आहेत, असे खात्रीने सांगता येत नाही, हे त्या लंडनच्या संग्रहालयानेच स्पष्ट केले आहे. शिक्षकांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. खरेपणाने सांगितलेल्या इतिहासाने आदर कमी होत नाही. उलट पुरावा म्हणजे काय, हे मुलाला त्या वयात कळते.

रणातून बाहेर

बंदुका आणि तोफा आल्या तरी तलवार लगेच गेली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तोफा, बंदुका, भाले आणि तलवारी यांचा एकदमच वापर झाला. पुढे महादजी शिंदे यांनी द बॉइन्य या सेनानीकडून कवायती पलटणी तयार करविल्या, तेव्हा बंदूक हे सैनिकाचे मुख्य हत्यार झाले आणि तिच्या टोकाला संगीन बसली. संगीन म्हणजे बंदुकीशी तडजोड केलेला भालाच होय. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर जी घनघोर लढाई झाली, तिच्यात तोफखान्याचा मारा आणि संगिनींचा हल्ला यांनाच महत्त्व होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८५७ च्या उठावानंतर जनतेला निःशस्त्र करण्याचे धोरण सरकारने अवलंबिले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. तलवारी माळ्यावर, देवघरात किंवा विहिरीच्या तळाशी गेल्या. शिकलगारांचे सहाणेवरील काम तलवारीकडून चाकू-कात्रीकडे वळले. शिकलगार या शब्दाचा मूळ अर्थच पाते उजळून पाजविणारा असा आहे. लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेली त्यांची सहाण हे एक उत्तम देशी तंत्र होते.

एका नाकाची हकिगत

पाते तेच असले तरी हात बदलला म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण पुण्याजवळचे आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याने प्रथम मेणाचा नमुना केला, तो कपाळावर पसरून त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडविली. दोन डोळ्यांमधील एक अरुंद पट्टी मात्र त्याने न कापता ठेविली, त्यामुळे त्या कातडीला रक्त मिळत राहिले. मग ती कातडी उलटवून नाकाच्या जागी बसविली आणि सांध्यावर काताचा लेप दिलेल्या चिंध्या लाविल्या. सुमारे पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापून टाकली. मुंबईच्या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात तिचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यांनी १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. आधुनिक शल्यविद्येतील नासापुनर्घटनेचा उगम येथे शोधला जातो.

कावसजीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. शल्यवैद्यांची नावेही ठाऊक आहेत. ज्याच्या हाताने ते नाक घडले त्या पुण्याजवळच्या कारागिराचे नाव त्या वर्णनात नाही. मुशीतील पोलादाच्या कारागिरांबाबत जे घडले तेच येथे पुन्हा घडलेले दिसते.

आखाडा आणि जत्रा

रणातून बाहेर पडलेली शस्त्रे समाजाने आखाड्यात आणि जत्रेत जपून ठेविली. कोल्हापूर परिसरातील तालमींतून मर्दानी खेळांची परंपरा अखंड चालत आली आहे. लाठी, फरी-गदका, पट्टा, विटा, भाला यांचे हात तेथे वस्ताद शिकवितात. आजकाल मुलीही मोठ्या संख्येने ते शिकतात. या खेळातील पहिला धडा आपले पाते दुसऱ्याला लागू न देण्याचा असतो. डोक्यावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापावयाचे आणि केसालाही धक्का लागू द्यावयाचा नाही, यात शौर्यापेक्षा संयमाची कसोटी अधिक असते. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची आणि दातांनी उचलण्याची स्पर्धा होते. तेथे खंडोबाच्या नावातला खंडा भक्ताच्या हाती येतो, आणि पाहणारे लोक त्याच्या ताकदीचे कौतुक करतात. कोणाच्या अंगावर वार होत नाही.

याच्या उलट प्रकारही आपण पाहतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे चित्रण प्रसृत करणारी मुले पोलिस ठाण्यात जाऊन बसलेली आपण ऐकली आहेत. कोयत्याचा धाक दाखविल्याच्या बातम्या पुण्यासारख्या शहरांतून आलेल्या आपण वाचल्या आहेत. या मुलांना शस्त्र मिळाले, पण वस्ताद मिळाला नाही. पाते कोणी आणि किती कष्टाने घडविले हे त्यांना कोणी सांगितले नाही. हे सांगण्याचे काम पोलिसांचे नव्हे, ते शाळेचे आणि गावाचे आहे.

कोयता म्हणजे माणसे

आता रानातील धारेकडे वळू. मराठ्यांची फौज पावसाळ्यात छावणीला असे. शेतीची कामे उरकली आणि नद्या उतरल्या म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि फौज आठ महिने बाहेर पडे. ती फौज आता नाही. परंतु दसऱ्यानंतर हत्यारे घेऊन गाव सोडणारे लोक अजूनही आहेत. बीड व मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून, तसेच अहिल्यानगरमधून लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. खंडेनवमीला पाटावर पुजलेला कोयता थोड्याच दिवसांत त्यांच्याबरोबर गाडीत चढतो.

या व्यवहारात ‘कोयता’ या शब्दाला एक वेगळाच अर्थ आला आहे. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. जोडीदार नसला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो आणि मुकादमाकडे किती कोयते आहेत असा हिशेब होतो. भाषेने शिलेदाराला त्याच्या शस्त्रावरून ओळखले, तसेच या जोडप्यालाही त्यांच्या हत्यारावरून ओळखले. फरक इतकाच की शिलेदार म्हटले की माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि कोयता म्हटले की माणूस दिसेनासा होतो. त्या एका कोयत्यात दोन माणसे असतात. त्यांच्या मागे बहुधा शाळेच्या वयाची मुलेही असतात, आणि ती पाचटाच्या खोपीत वाढतात. खंडेनवमीचा खरा अर्थ आपण मानीत असू, तर पूजा त्या कोयत्याची करून त्या हातांना विसरता येणार नाही. स्थलांतरापूर्वी गावातील अशा प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीने करावी, त्यांना ओळखपत्र मिळवून द्यावे आणि मुले मागे राहू शकत असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय वेळेवर करावी. दसऱ्यानंतर नाही, दसऱ्याच्या आधी.

स्वयंपाकघरातील धारही दुर्लक्षित आहे. सुरीत पाते फिरते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर असते आणि भाजी हाताने पुढे सरकते. पायाने पाट दाबून दोन्ही हात मोकळे ठेवण्याची ही युक्ती ज्या अज्ञात स्त्रीपुरुषांनी काढली, त्यांची बुद्धी तलवार घडविणाऱ्यापेक्षा कमी नव्हती. अडकित्त्यांच्या मुठी मोर, घोडा, स्त्रीपुरुषांच्या आकृती यांनी नटविलेल्या आढळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. तो अवश्य पाहावा. कोकणातील शेतकरी कमरेच्या आकडीला कोयती अडकवून चालतो. ती आकडी ही म्यानाचीच बहीण होय.

कायदा आणि आपले काम

पंचायत सदस्यांना या संबंधात कायद्याची माहिती असणे आवश्यक आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे ही शस्त्रे गणली जातात. मात्र घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायदासुद्धा पात्याच्या लांबीबरोबर त्याचा हेतू विचारतो. अधिसूचित क्षेत्रात अशी शस्त्रे बाळगण्यास परवाना लागतो. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघाला असता सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेण्यास मनाई असते. म्हणून घरात जुनी तलवार असेल किंवा उत्सवात शस्त्रे न्यावयाची असतील, तर पोलिस ठाण्यात आधी विचारणा करावी.

विहीर किंवा पाया खणताना जुनी शस्त्रे सापडली तर ती वाटून घेऊ नयेत वा भंगारात घालू नयेत. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. जुने पाते काचकागदाने, चिंचेने किंवा आम्लाने घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पात्यावरील कोरीव अक्षरे व पोलादाची नक्षी कायमची नष्ट होते. ते कोरड्या मऊ फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि दमट चामडी म्यानातून काढून कोरड्या जागी ठेवावे. घामाच्या हाताने पात्याला स्पर्श करू नये, कारण घामातील क्षारांनी गंज चढतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेत एक वही घाला. मुलांनी गावातील प्रत्येक धारदार हत्याराचे चित्र काढावे, त्याचे गावातील नाव लिहावे, ते कोण वापरतो व कशासाठी वापरतो ते विचारावे. गावात लोहार, घिसाडी किंवा शिकलगार असतील तर त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. पाणी कसे देतात, कोणत्या रंगावर थांबतात, मुठीला कोणते लाकूड लावतात, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे आणि त्याखाली सांगणाऱ्याचे नाव अवश्य घालावे. या वहीला खर्च नाही आणि तिला कोणाच्या मंजुरीचीही गरज नाही. ग्रामपंचायतीने ती वही दप्तरी जपून ठेवावी.

कोनसमुद्रमच्या भट्टीवरील माणसाचे नाव आपण गमावले. पुण्याजवळ नाक घडविणाऱ्याचे नाव गमावले. आपल्या गावातील शेवटच्या लोहाराचे नाव मात्र अजून आपल्या हाती आहे. येत्या खंडेनवमीला पाटावर हत्यारांबरोबर ती वहीही ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.